चौथा देश

चारुता रेगे नागोयाजवळच्या एका आइस रिंकवर, स्केट भाड्याने द्यायच्या काउंटरला बसायची. आठवड्यातून चार दिवसांचं आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम. नवरा अंबरीष गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. तो गिअरबॉक्सशी जेवढं बोलायचा त्याच्या निम्मंही घरात बोलत नसे, म्हणून ही बाहेर पडली. दिवसभर लोकांच्या ओल्या मोज्यांचा वास घेणं याला नोकरी म्हणायचं, तर ती होती. स्वतः मात्र तिने बर्फावर कधी पाय ठेवला नव्हता.

२००९च्या मार्चमध्ये रिंकने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा काढली. 'चार देश चषक'. जपान, कोरिया, रशिया आणि मंगोलिया. सामने रविवारी, आणि बुधवारी मंगोलियाच्या अख्ख्या संघाला कांजिण्या. सहाशे टॉवेलांवर 'चार देश' छापून झालं होतं.

मॅनेजर मोरी-सान काउंटरपाशी येऊन उभे राहिले. "चारुता-सान, भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकीच ना?"

"म्हणतात तसं. पण आमच्याकडे ती गवतावर खेळतात."

मोरी-सान विचारात पडले. "गवत काय, बर्फ काय. खाली काहीतरी असतंच."

तोंडावर 'नाही' म्हणायला चारुताला अजून जमत नव्हतं. सात वर्षं ज्यांच्यात काढली त्यांनाच ते जमत नाही, तर शिकणार कोणाकडून?

तिने कारखान्याच्या वसाहतीतून मराठी, तमिळ, पंजाबी मिळून नऊ पोरं गोळा केली. तिची दहा वर्षांची मिताली "यादा!" म्हणून, म्हणजे साफ नकार देऊन, खोलीत निघून गेली. कप्तान करते म्हटल्यावर परत आली. शशांक नावाच्या गुटगुटीत मुलाला स्केटवर उभंच राहता येईना, म्हणून तो गोलकीपर. प्रशिक्षक चारुता, कारण स्केटच्या नाड्या नीट बांधता येणारी ती एकटीच. वासरात लंगडी गाय शहाणी!

रविवारी भारत विरुद्ध जपान. पहिल्या पाच मिनिटांत सहा गोल झाले. आपले खेळाडू कठडा धरून पुढे सरकत होते. शशांक पडला की उचलायला तिघे जायचे, आणि तेही पडायचे. सत्तावीस झाल्यावर जपानच्या एका पोराने, दयेने की कंटाळ्याने कोण जाणे, चकती मागे सारली ती थेट त्यांच्याच जाळ्यात. भारताचा एक! पोरांनी असा जल्लोष केला की उभी होती तीही आडवी झाली. चारुता बाकावर चढून बोंबलली. जपानात आल्यापासून एवढ्या मोठ्याने ती पहिल्यांदाच ओरडत होती. पुढचे दोन दिवस घसा बसला आणि घरात कधी नव्हे ती अंबरीषलाच बडबड करावी लागली.

स्पर्धा टिकली. पुढे मंगोलिया आला, इतरही आले. २०२४ साली मोरी-साननी इतिहासाची स्मरणिका काढली आणि हौसेने चारुताच्या हातात ठेवली. त्यात लिहिलं होतं: 'संस्थापक देश भारत. भारताने बलाढ्य जपानला अखेरपर्यंत झुंजवलं.' फोटोखाली, 'माजी हॉकीपटू चारुता रेगे.'

चारुता हसून हसून खाली बसली. "मोरी-सान, मी कॅरमसुद्धा हरते! सत्तावीस-एक छापा ना."

मोरी-साननी दातांतून हवा ओढली. "ते जरा कठीण आहे."

म्हणजे नाही. पण आता जपानात येऊन बावीस वर्षं झाली होती. "मग माझं नाव काढा."

"तेही जरा कठीण आहे."

"आणि तो एक कोणी मारला, तेही लिहा."

मोरी-सान गंभीर झाले. "तो मुलगा आता इथेच दाताचा डॉक्टर आहे. पेशंट हसतील त्याला."

हे मात्र चारुताच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ठरलं: आकडा खरा, डॉक्टरचं नाव नाही, 'माजी हॉकीपटू'च्या जागी 'स्केट काउंटर'. चारशे प्रती छापून झाल्या होत्या, म्हणून दुरुस्तीच्या पट्ट्या छापून दोघं दुपारी डिंक घेऊन बसले.

दीडशेव्या प्रतीवर मोरी-सान हळूच म्हणाले, "खरं सांगू? मीही कधी हॉकी खेळलो नाही. आधी माझं बोलिंगचं दुकान होतं. आणि त्या वर्षी रशियाने आम्हाला एकोणीस मारले. तेही यात नाही."

चारुताने डिंकाची बाटली खाली ठेवली.

"मग आणखी एक पट्टी छापू या," ती म्हणाली.