खिशातलं बूच

परवा रस्त्यात कुणाच्या तरी नव्या गाडीपाशी ओल्या झेंडूचा आणि पेट्रोलचा वास एकदम आला आणि माझ्या पायांखालचं डांबर चक्क हललं. काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यानं केबिनवाली मोटरबोट घेतली. धरणाकाठी त्यानं ती ट्रॅक्टरसारखी घसाघसा धुतली, हार घातला, नारळ फोडला आणि मला नि माझ्या बायकोला बसवून निघाला. पोहता तिघांनाही येत नव्हतं. पाण्याच्या मधोमध केबिनमधून बायको किंचाळली, "दादा, पायात पाणी आलंय की!" पूजेची फुलं तिच्या घोट्यांभोवती गरगरत होती. मी बोट विकणाऱ्याला फोन लावला. तो ओरडला, "पावणं, तळाचं बूच लावलंय न्हवं?" मेव्हण्यानं शर्टाच्या खिशातून पितळी बूच काढलं. "दाजी, हे व्हय? धुतल्यालं पाणी जाऊ दे म्हणून काढलंतं. हरवंल म्हणून जपून ठेवलंय." मागची फळी उचलून मी पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला आणि ते भोक चाचपत राहिलो. ते सापडेपर्यंत पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं. बूच फिरून घट्ट बसलं तेव्हा कुठं मला श्वास आला. आता कुणी पहिली बोट घेतली की मेव्हणा ऐटीत सल्ला देतो, "इंजिन बघा, बूच बघा, पर बहिणीला संगं न्यायला इसरू नका. पाणी तिलाच आधी कळतंय."