बिनतारीची ड्युटी

दातांच्या दवाखान्यात काम करण्याचा एक मोठा फायदा असा, की समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. बिनतारीला ही नोकरी मानवली ती त्यामुळेच. डॉक्टर खुर्चीवरच्या माणसाच्या दाढेत शिरलेले असायचे, बिनतारी लाळ ओढायची नळी धरून शेजारी उभी, आणि सगळ्या वस्तीची खबरबात त्या बिचाऱ्याच्या कानात ओतत असायची. कोणाचं लग्न फिसकटलं, कोणी हप्त्यावर गाडी घेतली, कोणाच्या सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं. पेशंटला 'आं'पलीकडे काही म्हणता यायचं नाही, आणि ती त्या 'आं'चा अर्थ 'मग पुढे?' असा घ्यायची.

बिनतारी हे नाव मावशीनं ठेवलेलं. तार नाही, खांब नाही, तरी बातमी पोचलीच म्हणून समजा. तिला या नावाचा राग नव्हता, कारण तिचं स्वतःबद्दलचं मत याहून वाईट होतं. आपल्या पोटात सगळं राहतं, शिळंपाकंसुद्धा, फक्त बातमी तेवढी राहत नाही, असं ती म्हणायची. शाळेत असताना तिनं एकदा मनाशी पक्कं ठरवलं होतं, की यापुढे गप्प राहायचं. आणि हा निश्चय तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून टाकला होता.

खोटं मात्र ती बोलत नसे. हे ती छातीठोकपणे सांगायची. वाढताना वरून थोडी कोथिंबीर भुरभुरायची, एवढंच. पदार्थ तोच, नुसता दिसायला बरा.

मागच्या निवडणुकीत अशीच कोणाची तरी कोथिंबीर महागात पडली होती. 'आपल्या बाईला रांगेत ढकललं' अशी आवई सकाळी उठली आणि संध्याकाळी कापडाचं एक दुकान जळून गेलं, एका पोराचा डोळा गेला. पुढे चौकशी झाली तेव्हा कळलं की कोणी कोणाला ढकललंच नव्हतं. म्हणून यंदा वस्तीतल्या तरुण पोरापोरींनी एक गट केला होता. शाळेतल्या पीटीच्या बाई त्याच्या प्रमुख. त्या वयानं बिनतारीहून थोड्याच मोठ्या, पण गळ्यात शिट्टी असल्यामुळे सगळे त्यांना वचकून असायचे. गटाचा नियम एकच होता. बातमी कानावर आली की पुढच्याला द्यायची नाही, मागच्याकडे जायचं. तुला कोणी सांगितलं? आणि त्याला कोणी? असं करत करत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस गाठायचा.

त्यांनी बिनतारीला बोलावलं तेव्हा ती चक्रावली. "मला? अहो बाई, मी म्हणजे... तुम्हाला माहितीये ना मी कशी आहे ते?"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "वस्तीत बातमी कुठून कुठे जाते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

हे कौतुक समजून ती घरापर्यंत तरंगत गेली. चपला काढताना तिला त्याचा खरा अर्थ लागला, पण तोवर ती हो म्हणून बसली होती.

निवडणुकीत किटली आणि कुलूप अशी दोन चिन्हं होती. किटलीवाले पिवळे, कुलूपवाले जांभळे. बिनतारीचा दादा हाडाचा किटलीवाला, वस्तीतल्या पोरांचा पुढारी. त्याचा दात घासायचा ब्रशसुद्धा पिवळा होता. दादाचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. तो फारसं बोलायचा नाही. दादा किटलीत म्हणून तोही किटलीत. दादा उद्या म्हणाला असता की आपण दोघं चमच्यात जाऊ, तर त्यानं का म्हणूनही विचारलं नसतं.

मतदानाच्या दिवशी दातांचा दवाखाना बंद होता. सकाळी दादाचा फोन आला. "ऐक, शिडीवरून पडलोय. डोक्याला जरा लागलंय, पण बरा आहे मी. आईला सांगू नकोस. आणि हे बघ, कोणालाच सांगू नकोस." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

तिनं आईला अवाक्षरही सांगितलं नाही. फक्त मावशीला फोन केला, कारण मावशी घरचीच. "दादाच्या डोक्याला लागलंय," ती म्हणाली. पलीकडे मावशी श्वास रोखून गप्प राहिली. समोरचा असा गप्प राहिला की बिनतारीला राहवत नसे. "कुलूपवाले तिथेच उभे होते म्हणे," तिनं जोडून दिलं. ते काही खोटं नव्हतं. दोन्ही पक्षांची टेबलं शेजारीशेजारी होती, म्हणजे उभे असणारच. मग ती गटाचा बिल्ला लावून शाळेच्या फाटकाजवळ ड्युटीवर जाऊन बसली.

दुपारी चहावाला धावत आला. "कुलूपवाल्यांनी किटलीच्या पोराला गजानं मारलंय! डोकं फुटलंय, शुद्धीवर नाही म्हणतात!"

"कोणाला?" तिनं विचारलं.

चहावाल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "तुझ्या दादालाच गं."

सकाळी पडला काय, दुपारी मार खाल्ला काय, एका दिवसात एका डोक्यानं सोसायचं तरी किती? तिनं दादाला फोन लावला, तो बंद. परत लावला, बंदच. ती फाटकाला धरून रडायला लागली. पीटीच्या बाई आल्या. "गॅरेजवर पोरं जमतायत," त्या हळूच म्हणाल्या. "हातात पान्हे, पहारी. ऊन उतरलं की कुलूपवाल्यांच्या गल्लीत शिरणार. मी जाऊन त्यांना बोलण्यात अडकवते. बातमीचं मागचं तोंड शोधायला तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"नको, मीच जाते," ती नाक पुसत म्हणाली. भावाला कोणी मारलं हे तिला स्वतःच शोधून काढायचं होतं.

चहावाल्याला इस्त्रीवाल्यानं सांगितलं होतं. इस्त्रीवाला म्हणाला, "बेशुद्ध वगैरे मी नाही बोललो हं. काठीनं मारलं, एवढंच." त्याला दूधवाल्या काकूंनी सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "काठी कुठून आली बाई? मी म्हटलं, ढकलाढकली झाली, तो डोक्यावर पडला." बिनतारीला मघापासून एक नवल वाटत होतं. मागे जावं तशी बातमी अंगानं उतरत चालली होती. काकूंना कोणी सांगितलं? मावशीनं.

मावशी उंबऱ्यात बसून मटार सोलत होती. "मी ढकललं असं कुठे म्हटलं?" ती म्हणाली. "कुलूपवाले तिथेच उभे होते, एवढंच म्हटलं. आता उभे होते म्हणजे काय शोभेला उभे होते?"

"पण मावशी, तुला हे सांगितलं कोणी?"

मावशीनं मान वर केली. "कोणी म्हणजे? सकाळी तूच नाही का फोन केलास?"

बिनतारी तिथेच पायरीवर बसली. सगळी वस्ती धुंडाळून ती स्वतःलाच पकडायला आली होती. तिनंच घरातून सोडलेली बातमी चार घरी जेवून धष्टपुष्ट होऊन परत आली, आणि तिनं ती ओळखलीसुद्धा नाही. उलट तिच्या नावानं गळा काढला. मग तिला गॅरेजवरची पोरं आठवली आणि ती ताडकन उठली.

नियमाप्रमाणे डोळ्यांनी पाहिलेला माणूस अजून सापडला नव्हता. दादाच्या शेजारच्या टेबलावर कुलूपवाल्यांचा कोण होता? इलेक्ट्रिशियन. त्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरली. आत उघड्या पंख्यांच्या आणि वायरींच्या गराड्यात, स्टुलावर, चहाचा कप धरून दादा बसला होता. धडधाकट. त्याच्या डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत जांभळी पट्टी गुंडाळलेली, आणि बरोबर दोन भुवयांच्या वर एक मोठं कुलूप छापलेलं.

"तू कशी आलीस इथे?" दादा ओरडला.

"घेऊन जा याला ताई," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "सकाळपासून बसलाय. माझा पक्षाचा रुमाल गेला, वर तीन कप चहा."

प्रकार असा झाला होता, की दादा पडल्यावर याच माणसानं त्याला उचललं, हाताला लागला तो गळ्यातला रुमाल जखमेवर करकचून बांधला आणि स्कूटरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मतदानाला गेलेले. नर्स म्हणाली, रक्त थांबलंय, आता संध्याकाळपर्यंत ही पट्टी सोडायची नाही. पडताना दादाचा फोन फुटला होता, म्हणून त्यानं नर्सच्या फोनवरून बहिणीला तेवढं कळवलं होतं. आणि कपाळावर कुलूप घेऊन रस्त्यानं चालत घरी जायची किटलीच्या पुढाऱ्याची काही हिंमत होईना.

"चल बाहेर," बिनतारी म्हणाली.

"या अवतारात? मेलो तरी येणार नाही."

"तू मेलास असंच समजून पोरं गॅरेजवर पहारी घेऊन उभी आहेत. यांना मारायला." तिनं इलेक्ट्रिशियनकडे बोट दाखवलं. मग ती दादाकडे वळली. "माझ्यामुळे, दादा. मी मावशीला सांगितलं."

दादानं तिच्याकडे बघितलं, इलेक्ट्रिशियनकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि शटर वर केलं.

गॅरेजसमोर पीटीच्या बाई हात पसरून उभ्या होत्या आणि त्यांची शिट्टी कोणी ऐकत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे गॅरेजवाला होता, हातात टायर काढायची पहार. इलेक्ट्रिशियनच्या स्कूटरवर मागे बसलेला दादा दिसला तशी गर्दी थबकली. मग सगळ्यांची नजर त्याच्या कपाळावर गेली. काहींचा चेहरा आणखी कठोर झाला. आधी मारलं आणि वर अपमानही केला, असं त्यांना वाटलं असणार.

"थांबा!" त्याच्यामागून उतरत बिनतारी ओरडली. "कोणी मारलेलं नाही. ही बातमी मी सोडली. मी!" कोणी हललं नाही. नुसतं खरं सांगून भागणार नाही हे तिच्या ध्यानात आलं. खरी बातमी अळणी लागते, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मग ती ओट्यावर चढली आणि तिनं दादाचं पडणं करूनच दाखवलं. कुलूपवाल्यांचं प्रचाराचं कापड हातभर उंच आहे म्हणून आपलं त्याहून वर बांधायला दादा शिडीवर कसा चढला, वर गेल्यावर कोणी फोटो काढतंय का ते बघायला कसा वळला, आपलंच पिवळं कापड पांघरून खाली कसा आला, आणि ते गाठोडं कोणाचं हेच आधी कोणाला कसं कळेना. इलेक्ट्रिशियननं दुकानात जेवढं सांगितलं होतं तेवढंच ती बोलली. कोथिंबीर घालायची गरजच पडली नाही.

"सांग, सगळं सांग," दादा दातओठ खात म्हणाला. "काही ठेवू नकोस."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. इलेक्ट्रिशियन अजून हेल्मेट काढायला तयार नव्हता, ते बघून बाकीचे हसले. पान्हे खाली टेकले, आणि कपाळावरचं कुलूप जवळून बघायला पोरं दादाभोवती जमली. पुढे कितीतरी दिवस दादाला सगळे जांभळाशेठ म्हणत होते आणि बिनतारीला पहिलं तोंड. बातम्या ती अजूनही देते, पण आता आधी विचारते, तू पाहिलंस का? त्यामुळे दवाखान्यातल्या पेशंटांची फार पंचाईत होते, कारण त्यांना उत्तर देता येत नाही.

ही सगळी गोष्ट ती स्वतःच हसत हसत कोणालाही सांगते. एवढाच एक तुकडा वगळते.

सगळे दादाभोवती असताना गॅरेजवाला आत गेला होता. ती त्याच्यामागे गेली. तो टायरांच्या ढिगाला टेकून उभा होता, पहार अजून हातात घट्ट धरलेली. त्याला ती सोडता येत नव्हती. बिनतारीनं त्याचं एकेक बोट उलगडून पहार काढून घेतली आणि खाली ठेवली.

"मी मारलं असतं गं," तो म्हणाला. "दादा गेला असं वाटलं. त्या माणसाला मी खरंच मारून टाकलं असतं."

आणि तो लहान मुलासारखा रडला. ती नुसती त्याच्याजवळ उभी राहिली.

गॅरेजवाला आता इलेक्ट्रिशियनच्या स्कूटरचं काम फुकट करतो. का, ते इलेक्ट्रिशियनला कळत नाही. त्यानं बिनतारीला कितीदा विचारलं, दादानं विचारलं, मावशीनं तर गप्प राहून राहून विचारलं. ती कोणाला काही सांगत नाही.