तांबोळी सरांची दहा मिनिटं

तांबोळी सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पालकांच्या ग्रुपवर शिबिराची सूचना लिहीत होते... टोपी, पाण्याची बाटली, पोळी-भाजीचा डबा. त्याला आता पाच आठवडे झाले. पुढे ढकललेलं ते शिबिर येत्या रविवारी आहे, आणि चौथीच्या मुलांना धायरीमागच्या टेकडीवर सरांशिवाय न्यायचं आहे. सोबत दोन-तीन पालक येतील, पण जबाबदारी माझी. नेऊ की नको, हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

सर महापालिकेच्या शाळेत आमचे वर्गशिक्षक होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. झाडाला नावानं ओळखणारीही बहुधा पहिलीच, आणि ते सरांमुळे. निवृत्तीनंतरही त्यांनी शिबिरं चालू ठेवली आणि मला मदतीला घेतलं. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक मुलानं एकेका झाडाखाली दहा मिनिटं एकट्यानं, गप्प बसायचं आणि ऐकायचं. वेळ संपली की शिट्टी नाही, हाक नाही, त्यानं पाखरं उडतात. आपण झाडाझाडापाशी जायचं आणि खांद्याला हात लावून मुलाला उठवायचं. तोवर त्यानं जागा सोडायची नाही.

गेल्या वर्षी उताराकडची मुलं माझ्याकडे होती. सगळ्यांना उठवलं, असं मला वाटलं. खाली येऊन डबे उघडले, तेव्हा एक तसाच बंद राहिला... सानिकाचा. सर पुन्हा टेकडी चढू लागले. मी मागून धावत होते. करवंदीच्या जाळीपलीकडे, हिवराखाली सानिका मांडी घालून बसली होती. गाल भिजलेले, पण जागा सोडली नव्हती. सरांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि शेजारी बसले.

"काय काय ऐकलंस, बाळा?"

"तुम्ही सगळे गेलात, ते."

उतरताना मी म्हणाले, "सर, मी यापुढे येत नाही."

"वा! आज एवढं शिकलीस, ते आता घरी शोकेसमध्ये ठेव."

पुढच्या शिबिराला मी गेले. गेले, कारण सर होते. माझं चुकलं तर पुन्हा टेकडी चढणारं कुणीतरी होतं...

परवा शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेले ते काकूंना सांगायला, की माझ्याच्यानं हे होणार नाही. त्यांनी आधी ताट वाढलं. मी नुसता भात चिवडत बसले.

"का गं, आवडलं नाही?"

"तसं नाही, काकू. रविवार आठवला की घास उतरत नाही."

काकू माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. "यांचंही असंच. इतकी वर्षं मुलं नेली, पण शिबिराच्या आठवड्यात ताट असंच परत यायचं. मी म्हणायचे, अहो, एवढी भीती वाटते तर नेता कशाला? तर म्हणायचे, ज्याला भीती वाटत नाही, त्याच्याबरोबर तू आपली पोरं पाठवशील का?"

मी ताट बाजूला सरकवलं. मग त्या म्हणाल्या, "जेवली नाहीस तरी चालेल. मुलांना मात्र तूच ने."

नेते आहे. घास अजून उतरत नाही.