बायकांच्या दारावरची गजराबाई

मुरुमच्या टॉकीजला बायकांचं दार वेगळं होतं, आणि त्या दारावर गजराबाई. आत पोर रडलं की पुरुषांकडून शिट्ट्या सुरू व्हायच्या, म्हणून आया तान्ही लेकरं तिच्या हवाली करून जायच्या. बाहेर चिंचेला झोळ्या बांधून ती त्यांना हलवत बसे. आतून गाणी येत, हुंदके येत, घोड्यांच्या टापा येत. पडदा तिनं जन्मात पाहिला नाही. अर्धवट झोपेत ती ऐकीव आवाजांचा स्वतःचाच पिक्चर रचायची, आणि तो आतल्यापेक्षा खासच चांगला असणार.

मग एका सांजेला घोटाळा झाला. शो सुटला, झुंबड उडाली, आणि एकसारख्या टॉवेलातली दोन लेकरं भलत्याच घरी गेली. वीज गेलेली, पाजून झाल्यावर कंदील लावला, तेव्हा कुठं आयांना कळलं. लेकरं लगेच परत फिरली, पण गाव हसायचं थांबेना. मूलबाळ नसलेल्या बाईला काय कळतंय, असंही कुणी बोललं. ते तिच्या काळजात रुतलं. तिनं दार सोडलं.

टॉकीजही पुढं बंद पडली. यंदा चित्रकला शिकून आलेली हर्षाली तिथल्या पडद्याच्या भिंतीवर गावाच्या आठवणी रंगवू लागली. गजराबाईला धास्ती एकच, आपली चूक तिथं चढू नये. न राहवून ती बघायला गेली. पत्रे उडालेले, खुर्च्यांच्या जागी गवत, वरून मऊ ऊन सांडत होतं. भिंतीवर तीच उभी होती, तरणीताठी, दोन हातांत दोन टॉवेल.

"हेच सापडलं व्हय गं तुला?" तिनं हर्षालीला विचारलं.

"नंदीशकाकांनी सांगितलं, आजी."

रंगाचे डबे उचलणारा, पन्नाशीचा नंदीश पुढं येऊन पाया पडला.

"त्यातला एक म्या, मावशी. माझ्या आईच्या अंगावर दूधच नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या लेकराच्या, हिंमतरावच्या आईनं पाजलं, तवा पहिल्यांदा पोट भरलं. मग वर्षभर तिनंच पाजलं. तुमी चुकला नसता तर म्या जगलो नसतो."

गजराबाई गवतातच बसली.

"मग कुणी मला सांगितलं का न्हाय रे?"

"आई दोनदा आली व्हती तुमच्या दारात. तुमी कडी काढली न्हाय."

दारावरची ती थाप तिला आठवली. भांडायला आलीय असं समजून ती चुलीपाशी श्वास रोखून बसली होती.