आमच्या विहिरीवरची रांग

मंडळी, आज सकाळी आमची विहीर आटली.

आम्ही चाकूरकडचे. उन्हाळा लागताच तहसीलनं ही विहीर गावाच्या पिण्यासाठी ताब्यात घेतली. माझ्या मोसंबीचं पाणी तुटलं, तेव्हा मी लई चिडलो होतो. बायको पोरीच्या क्लाससाठी लातुरात खोली करून राहते. घरी मी एकटाच.

पण पहाटेपासून विहिरीवर बाया यायला लागल्या. घागरींचा आवाज, भांडणं, हसणं. शेजारच्या सखूमावशी रोज विचारायच्या, "जेवलास का रं?" नंतर नंतर मीच लवकर उठून काठावर बसू लागलो.

आमच्याकडं विहिरीचा मालक सगळ्यात शेवटी भरतो. आज माझ्या पोहऱ्यात नुसता गाळ आला. मावशींनी त्यांच्या घागरीतलं अर्धं पाणी मला दिलं. जाता जाता म्हणाल्या, "उद्यापासून वेशीपाशी टँकर येणार हाय. इकडं कुणी यायचं न्हाई आता."

बायकोला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, पोरगी अभ्यास करायलीय. मागून बोलू."

अजून फोन आला नाही. अंगणात चिटपाखरू नाही.

उद्या मीही टँकरवर जाणार. मला एकट्याला एक घागर पुरते, म्हणजे रांगेत एकदाच उभं राहायचं. म्हणून लहान कळशी न्यावी म्हणतो. दोन-तीनदा नंबर लावता येईल.

कुणी काही म्हणेल का हो?