दाराशी काढलेले बूट

दोन वर्षं मला प्रार्थना जमत नव्हती. चर्चमध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण दिसायला मी सगळीकडे पुढेच असायचे. माझ्या यजमानांना, म्हणजे यांना, विसरण्याचा आजार जडलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी शेवटची मनापासून प्रार्थना केली. त्यानंतर डोळे मिटले की औषधांच्या वेळाच आठवायच्या. वरून उत्तर काही येत नव्हतं, आणि विचारत राहायला माझ्याजवळ धीर नव्हता. मग मी प्रार्थनेऐवजी कमिट्या घेतल्या. कामात असलं की आपण देवाशी बोलत नाही हे देवाच्याही लक्षात येत नसावं, अशी माझी समजूत होती.

त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी चाललेलं सेवाकार्य. अर्विंगमधलं आमचं चर्च तसं जुनं, टेक्सासच्या गोऱ्या लोकांचं. काही वर्षांपूर्वी आसपासच्या अपार्टमेंटांत काँगो, टोगो, हैती इथून आलेली कुटुंबं राहू लागली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, फ्रेंच येत होतं. चर्चने त्यांना रविवारी दुपारी त्यांच्या भाषेत उपासना करायला जागा दिली, आणि जोडीला फॉर्म भरून देणं, मुलांचे शाळाप्रवेश, कपड्या-बुटांचं वाटप अशी कामं सुरू केली. कोणाला काय येतं हे विचारणारा कागद फिरला तेव्हा मी ऐटीत ‘फ्रेंच’ असं लिहून दिलं. पुण्यात अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून आम्ही निम्म्या मुलींनी फ्रेंच घेतलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी त्या सेवाकार्याची प्रमुख झाले. पहिल्याच रविवारी ममा ओडिल माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या, आणि मला त्यातला ‘रविवार’ तेवढा कळला.

ममा ओडिल काँगोच्या. वय माझ्याएवढंच, पासष्टीच्या आसपास, पण सगळे त्यांना ममाच म्हणायचे. गुडघे पार गेलेले, त्यामुळे त्या बसून करायचं काम मागून घ्यायच्या. देणगीत आलेले कपडे आणि बूट निवडून, जोड्या लावून ठेवणं हे त्यांचं खातं. माझं पुस्तकी फ्रेंच ऐकून त्यांना हसू यायचं, पण माझ्यासाठी त्या एकेक शब्द सावकाश उच्चारायच्या.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. या मंडळींच्या उपासनेत ढोल असतात, आणि ते दोन-दोन तास चालतात. जुन्या सभासदांच्या तक्रारी आल्या. मी तोडगा काढला, की मुख्य हॉलऐवजी पार्किंगच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी उपासना भरवावी. शेडमध्ये एक मोठा कूलर बसवून दिला आणि मला वाटलं, फार छान सोय झाली. त्यांनी कुरकुर केली नाही. सिमेंटच्या फरशीवर चटया अंथरल्या आणि आत जाताना दाराबाहेर चपला-बूट काढून ठेवू लागले. रस्त्यावरून त्या चपलांचा ढीग दिसायचा. मला तो बरा दिसेना. मी दारावर पाटी लावली, की पादत्राणं बाहेर ठेवू नयेत, ठेवल्यास देणगीच्या बुटांच्या पेटीत जमा होतील. नगरकडच्या ज्या खेड्यात माझं लग्न झालं, तिथल्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, सगळी मंडळी चपला दाराशी काढूनच आत बसायची. पाटी लिहिताना मला हे आठवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आठवलं होतं, पण इथे ते शोभत नाही असं वाटलं.

यांना मात्र ती शेड फार आवडायची. हे तरुणपणी गावच्या देवळात भजनाला ढोलकी वाजवायचे. आता बायकोचं नाव कधी आठवे, कधी नाही, पण ढोल सुरू झाला की यांची बोटं मांडीवर बरोबर ठेक्यात पडायची. मी त्यांना मागच्या खुर्चीवर बसवून बाहेर कामं उरकायचे. दोन तास यांची काळजी नाही, एवढाच माझा हिशेब होता.

तो रविवार कडक उन्हाळ्यातला होता. पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे गेलेला, त्यात शेडचा कूलर बंद पडला. मी फ्रेंच उपासना कॅन्सल केली. मंडळींनी फक्त फॉर्मसाठी आणि कपड्यांसाठी मुख्य इमारतीत यावं असं कळवलं आणि आमचे केअरटेकर डेल यांना सांगितलं, की जेवणं झाली की शेडला कुलूप घाला. इंग्रजी उपासना संपली, जेवणं झाली. यांना खिडकीजवळ बसवून हातात सरबताचा ग्लास दिला आणि मी फॉर्म भरायला बसले. दोन फॉर्म झाले, तिसऱ्यात मान वर केली तर खुर्ची रिकामी होती. ग्लास खाली जमिनीवर नीट ठेवलेला होता.

पहिल्यांदा मी बाथरूममध्ये पाहिलं, मग स्वयंपाकघरात, मग आमच्या गाडीत. शेडच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून तिकडे गेलेच नाही. तोवर पंधरा मिनिटं गेली. बाहेर आल्यावर डांबराची धग चपलेतून तळव्यांना लागत होती. एका बाजूला हायवेचा सर्व्हिस रोड, दुसऱ्या बाजूला अपार्टमेंटांमधलं तळं. माझे पाय कुठल्या बाजूला वळायचे तेच ठरेना. कोणीतरी पोलिसांना फोन केला. काँगोच्या दोन कुटुंबांनी गाड्या काढल्या, डेलही आपला ट्रक घेऊन हायवेच्या दिशेने गेले. ज्यांच्याकडे गाड्या नव्हत्या ते उन्हात पायी निघाले, छोटी मुलं हॉलमधल्या बायकांकडे सोपवून.

पोलिसांनी विचारलं, कपडे कोणते घातलेत. सकाळी मीच बटणं लावून दिलेला शर्ट मला आठवेना. निळा असं सांगितलं, मग पांढरा असं सांगितलं. अशा उन्हात या वयाचा माणूस किती वेळ तग धरतो हे मी विचारलं नाही, कारण त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

बरोबर दोनला फोन वाजला. आमची लेक दूर बॉथेल शहरात असते आणि दर रविवारी याच वेळी बाबांशी बोलते. “आई, कॅन आय टॉक टू बाबा? आय हॅव टेन मिनिट्स,” ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा झोपलेत. चर्चच्या पायरीवर उभी राहून, समोर पोलिसांची गाडी असताना, मी पोटच्या मुलीशी खोटं बोलले. तिने एवढंच म्हटलं, “ओके, लेट हिम स्लीप,” आणि फोन ठेवला. मग मला खरोखर रडू फुटलं.

हॉलमध्ये परत आले तर उरलेल्या बायका हात वर करून मोठ्याने प्रार्थना करत होत्या आणि कोपऱ्यात ममा ओडिल खुर्चीवर बसून पेटीतले बूट निवडत होत्या. रोजच्यासारख्या. जोडी काढायची, आत हात घालून पाहायचं, बाजूला ठेवायची. माझं डोकं फिरलं. माझा माणूस उन्हात मरतोय आणि तुम्हाला बूट सुचतायत, असं मी त्यांना बोलले. फ्रेंच व्याकरण बहुधा सगळं चुकलं असेल, पण अर्थ पोचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेटीत हात घातला.

मी पाठ फिरवून भिंतीला टेकले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी देवाशी बोलले, आणि ती काही प्रार्थना नव्हती. मी म्हटलं, माझ्याच्याने आता होत नाही. कुठे बघायचं ते मला कळत नाही. तू बघ. एवढंच. ‘आमेन’ म्हणायचंही राहून गेलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही, फार नसावा. खांद्यावर हात पडला. ममा ओडिल त्या गुडघ्यांनी हॉल ओलांडून माझ्यापर्यंत आल्या होत्या. दुसऱ्या हातात बुटांची जोडी होती. ते बूट यांचे आहेत की नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या नेहमीसारख्या सावकाश, मला कळेल असं बोलल्या.

“बहिणी, हे बूट कोणी दान दिलेले नाहीत. दान देणारा मोजे आत घडी करून ठेवत नाही. हे कोणीतरी देवाच्या घरात जाण्यासाठी काढलेत.”

तपकिरी, पट्टीचे बूट. नाड्या बांधणं विसरायला लागल्यावर मीच आणले होते. आत मोजे घडी करून, उजवा उजव्यात, डावा डाव्यात. चाळीस वर्षं देवळाच्या दाराशी हे असेच ठेवत आले होते.

ते पेटीत कसे आले हे मला विचारावं लागलं नाही. माझ्याच पाटीमुळे. डेल कुलूप घालायला गेले असतील, दाराबाहेर बूट पाहून नियमाप्रमाणे ते पेटीत आणून टाकले असतील, आणि आत डोकावून हाक मारली असेल. हे खुर्च्यांच्या थप्पीमागे असले तर दिसले नसतील, आणि हाकेला ओ देणं आता यांच्या हातात राहिलेलं नाही. मी पाटी लावली होती आणि कुलूपही मीच लावायला सांगितलं होतं.

माझ्या पर्समध्ये शेडची दुसरी किल्ली होती. पार्किंग ओलांडताना मी पळत होते आणि ममा ओडिल माझ्या मागे, माझ्याहून फार हळू नव्हे. घाईत मला कुलपाला किल्ली लागेना. त्यांनी किल्ली माझ्या बोटांतून काढून घेतली आणि एका झटक्यात दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली.

हे खुर्च्यांच्या मागे चटईवर मांडी घालून बसले होते. अनवाणी. मांडीवर लहान ढोल. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी, ओठ फुटलेले. हाताची बोटं ढोलावर पडत होती, पण आवाज येण्याइतका जोर त्यांत उरला नव्हता. मला पाहून हे म्हणाले, “मंडळी अजून आली नाहीत का?”

मी म्हटलं, “आली. आत्ताच आली.”

पुढचं सगळं तुटक आठवतं. पोलिसांनी बोलावलेली अँब्युलन्स वळून आमच्याकडे आली. ममा ओडिल आपलं डोक्याचं फडकं ओलं करून यांच्या मानेवर धरत होत्या. हॉस्पिटलमध्ये सलाईन लागलं, आणि तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, की आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. दुसऱ्या दिवशी हे शुद्धीवर नीट आले आणि नर्सला विचारू लागले, माझा ढोल कुठाय.

मी ममा ओडिलची माफी मागितली तेव्हा त्यांनी आधी माझं फ्रेंच दुरुस्त केलं. मग सांगितलं, की सगळे शोधायला निघाले तेव्हा त्यांनी प्रभूला विचारलं, माझे पाय चालत नाहीत, मी काय करू. काही उत्तर आलं नाही. मग जे काम रोज करते तेच करावं, असं ठरवून त्या पेटीशी बसल्या. मी बोलले तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पण हातातलं काम टाकायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणाल्या. उत्तर आलं नाही म्हणून मी देवाकडे पाठ फिरवली होती, आणि या बाई उत्तर आलं नाही म्हणून हातातलं काम करत राहिल्या होत्या.

याला चमत्कार म्हणावं का, हे मी ठरवत नाही. पेटीत हात कधीतरी त्या जोडीवर पडायचाच होता, असं कोणी म्हणेल, तर म्हणो. माझ्यापुरतं मला एवढं कळतं, की ज्या क्षणी माझे सगळे उपाय संपले, त्याच सुमाराला माझ्याच चुकीने भरलेल्या पेटीतून मला माझा माणूस परत मिळाला. आणि ज्यांची सेवा मी करते असं दोन वर्षं मिरवत होते, त्यांनी तो माझ्या हाती दिला.

लेकीला मी खरं सांगितलं. ती खूप चिडली, आणि मग पहिल्या विमानाने आली. चर्चच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून पाटीबद्दल आणि कुलपाबद्दल सगळ्यांसमोर सांगितलं, आणि फ्रेंच मंडळींना मुख्य हॉल परत द्यावा अशी विनंती केली. जुन्या सभासदांनी तो दिला. ढोल आता हॉलमध्ये वाजतात, आणि तक्रारी अजूनही येतात.

आजार काही हटलेला नाही. मागच्या आठवड्यात यांनी मला विचारलं, की तुम्ही कोणाच्या घरच्या. पण रविवारी दुपारी हॉलच्या दाराशी आलो की हे आपणहून वाकतात, पट्ट्या सोडतात, मोजे घडी करून आत घालतात. याला खूप वेळ लागतो. पूर्वी मी घाई करायचे. आता शेजारी उभी राहते, आणि तेवढ्या वेळात मला प्रार्थना जमते. मागणं असं फारसं नसतं तिच्यात. यांचं झालं की मी माझ्या चपला काढते, त्या यांच्या बुटांशेजारी ठेवते, आणि आम्ही आत जातो.