इंग्रजीचा तास

मी लेखक नाही. कॉलेजच्या अंकासाठी मराठीच्या सरांनी सगळ्यांकडून काहीतरी लिहून मागितलं, तेव्हा दोन आठवडे मी त्यांना टाळत फिरलो. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी लिहावं, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. आमच्या झोपडीत छापील कागद यायचा तो दुकानातून गुळाभोवती गुंडाळून. तेव्हा वाचणाऱ्याचा वेळ घेतो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. माफी लिहिण्याबद्दल आहे. जे लिहितो आहे त्यातल्या एका शब्दाबद्दलही नाही.

नववीचा पहिला आठवडा होता. इंग्रजीचा तास. हेडसर स्वतः इंग्रजी शिकवायचे. ते वर्गात आले, खिशातून कागद काढला आणि अकरा नावं वाचली.

"उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. अकराच्या अकरा जण भिल्लांची मुलं. गावाबाहेर आमची वस्ती असते तिला भिलाटी म्हणतात. कुणी आमच्या भिलाटीतला, कुणी शेजारच्या गावच्या.

"तुमचं इंग्रजी आजपासून बंद. बाहेर शिपाई उभा आहे, तो सांगेल तिकडे जायचं."

माझ्या शेजारी दित्या होता. त्याने विचारलं, "सर, पुस्तक?"

"ठेवून जा. कुणाच्या तरी कामाला येईल."

दारात शिपायाकडे टोपली होती. टोपलीत अकरा खुरपी. आधीच मोजून आणलेली.

शाळेमागे आप्पांचं कपाशीचं वावर होतं. आप्पा आमच्या शाळेच्या संस्थेचे चेअरमन. माझा बाप त्यांच्याकडे सालदार होता, म्हणजे आखाजी ते आखाजी, अक्षय्य तृतीयेपासून वर्षभर बांधलेला गडी. त्या दिवशी बाप वावराच्या दुसऱ्या टोकाला औत हाकत होता. त्याने मला खुरपं घेऊन येताना पाहिलं. त्याने औत थांबवलं नाही. मी मान खाली घातली आणि कपाशीतलं गवत निंदायला बसलो. तास संपल्याची घंटा झाली की परत वर्गात. पुढचा तास इतिहासाचा. हाताला माती म्हणून आम्ही मागे जमिनीवर.

नववी, दहावी, अकरावी. तीन वर्षं. इंग्रजीचा तास म्हणजे निंदणी. कपाशी नसेल तेव्हा भुईमूग. काहीच नसेल तेव्हा आप्पांच्या गोठ्यातलं शेण.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. लिहायला लाज वाटते. पहिल्या महिन्यात मला बरं वाटलं होतं. हेडसरांची छडी चुकली होती. घरात आमची भिली, गावात अहिराणी, शाळेत मराठी. चौथी भाषा डोक्यात शिरत नव्हती. वावरात निदान कुणी हसत नव्हतं. एकदा आप्पा बांधावर उभे राहून शिपायाला म्हणाले, "ह्या पोऱ्यास्ना हात चांगला शे." ते ऐकून मी खूश झालो होतो. माझा अपमान मला गोड लागला होता. याचाही राग मी त्यांच्याच नावावर धरतो.

अकरावीच्या शेवटी एस.एस.सी.ला मी पास झालो. आप्पांचा मुलगा सुरेश माझ्याच वर्गात. त्याच्यापेक्षा माझे मार्क जास्त होते. बापाने उसनं धोतर नेसून मला नंदुरबारला आणलं आणि कॉलेजच्या गावी जाणाऱ्या रेल्वेत बसवलं. कॉलेजच्या खिडकीसमोर मी रांगेत उभा राहिलो. कारकुनाने माझी मार्कलिस्ट वरून खाली वाचली, मग खालून वर.

"इंग्रजी कुठे आहे?"

"घेतलं नव्हतं."

"मग इथे कशाला आलास? इथे सगळं इंग्रजीतून असतं. इंग्रजीचा पेपर पास हो, मग ये."

माझ्या मागे सुरेश होता. तो हसत रांगेतल्या पोरांना म्हणाला, "अरे, इंग्रजीना तासले ह्या आम्हना वावरमा गवत काढे. गवतना पेपर ऱ्हाता ते पहिला उना असता."

रांग हसली. कारकूनही हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला गंमत वाटली इतकंच. मी बाजूला झालो आणि सुरेशने माझ्या जागेवर उभं राहून फॉर्म भरला.

घरी आल्यावर बापाला विचारलं, माझं इंग्रजी कुणी बंद केलं. त्याचं बोलणं मी अहिराणीत लिहितो. आमची बोली कागदावर कशी उतरवायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. तो म्हणाला, "हेडसरनी कागद आना व्हता. म्हने, फी माफ व्हई. मी अंगठा दिधा."

शाळेत जाऊन मी तो कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं की माझ्या मुलाला इंग्रजी शिकवायचं नाही, ही माझी इच्छा आहे. अकरा बापांची एकच इच्छा. हेडसरांच्या अक्षरात.

मी हेडसरांकडे गेलो. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अरे, तुम्ही इंग्रजीत नापास झाला असता. शाळेचा निकाल खाली आला असता. तुमच्याही भल्याचं आणि शाळेच्याही." मग ऑक्टोबरच्या परीक्षेच्या फॉर्मवर त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "हौस आहे तर बस."

आठवीचं फाटकं पुस्तक घेऊन मी चार महिने एकटा बसलो. शब्द पाठ व्हायचे. वाक्य उभं राहायचं नाही. ऑक्टोबरला एकोणीस मार्क पडले. हेडसरांनी ते मला खोलीत बोलावून सांगितले असते तर चाललं असतं. त्यांनी ओसरीवर सांगितले, आठवीचा वर्ग समोर असताना. "बघा, हट्ट केला की असं होतं." आठवीत बसलेल्या भिलाटीच्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

त्या संध्याकाळी आप्पांनी बापाला आणि मला बोलावलं. ते झोपाळ्यावर होते. आम्ही अंगणात.

"शाळामा शिपाईनी जागा शे," आप्पा म्हणाले. "पोऱ्या घंटा वाजाडी. पगार सरकारना. आखो काय पाहिजे?"

बापाने हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. सालदाराच्या मुलाला बसल्या जागी नोकरी. आमच्या भिलाटीत असं कधी घडलं नव्हतं. मीही एक क्षण हो म्हणणार होतो, खोटं कशाला सांगू. मग मनात आलं की पुढच्या जूनला ती खुरप्यांची टोपली माझ्या हातात असेल. दारात मी उभा असेन. अकरा पोरं बाहेर येतील आणि मी मोजून देईन.

"माले नही पाहिजे," मी म्हणालो.

आप्पा झोपाळा थांबवून म्हणाले, "काय म्हना?"

"घंटा वाजाडाले मी नही येवाव."

"मंग काय लाटसाहेब व्हशी?"

आप्पा बापाकडे वळले. "तुन्हा पोऱ्याले मस्ती उनी. तू समजाड." घरी पोचल्यावर बाप म्हणाला, "तू आठे ऱ्हाऊ नको." इथे राहू नको, हे तो रागावून म्हणाला की घाबरून, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी नंदुरबारला आलो. मिरचीचा हंगाम सुरू झाला होता. गावाबाहेर मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या पसरतात, नजर जाईल तिथपर्यंत लाल. एका पथारीवर काम मिळालं. मिरची पसरायची, उलटायची, पोती भरायची. बायका रांगेने बसून देठ खुडायच्या. दुपारी पोती भरून झाली की मीही देठ खुडायला बसायचो, मांडीवर जुनं गाईड उघडं ठेवून. शहरातल्या रद्दीवाल्याकडून ते मिळालं होतं. पान उलटायचं तर कोपराने. हात पानाला लागला आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला की तासभर अभ्यास बंद.

गाईडात निबंध होते. व्याकरण मला पक्कं येईना, म्हणून मी निबंध पाठ करायचं ठरवलं. सगळ्यात सोपा होता 'माय स्कूल'. मी मोठ्याने म्हणायचो. शेजारी मोगीमावशी बसायची, माझ्या आईच्या वयाची. तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं. पण आठ दिवसांत तिला निबंधाची चाल पाठ झाली. मी अडलो की ती थांबवायची.

"पोऱ्या, काल आठे लांबडं म्हने. आज तुकडा गिळी गया."

पुस्तकात पाहिलं तर खरंच एक ओळ सुटलेली असायची.

एकदा मला मध्येच शिंक आली. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पुन्हा आली. ती म्हणाली, "शिंकबी पुस्तकमा लिखेल शे का रे?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. लोकांच्या हसण्यात मी सामील झालो, असं बऱ्याच दिवसांनी घडलं.

एक दिवस तिने विचारलं, "हाई इतलं म्हनस, त्याना अर्थ काय शे?"

मी अर्थ सांगितला. माझी शाळा सुंदर आहे. शाळेसमोर बाग आहे. आमचे हेडमास्तर फार दयाळू आहेत. ते सगळ्या मुलांवर सारखं प्रेम करतात. मला माझी शाळा आवडते.

तिने देठ खुडणं थांबवलं नाही. "तुन्ही शाळा अशी व्हती?"

"नही."

"मंग कोनी शाळा शे ही?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पास व्हायचं होतं.

मार्चमध्ये धुळ्याला परीक्षा. मुंबईकडून छापून आलेला पेपर हातात पडला. निबंधाला तीन विषय होते. पहिलाच 'माय स्कूल'. तो निबंध मला झोपेतही म्हणता आला असता. त्याच्या मार्कांवर मी पास होणार होतो. बाकीच्या प्रश्नांत मला खात्रीचं काही येत नव्हतं. मी लिहायला लागलो. शाळा सुंदर आहे, लिहिलं. बाग आहे, लिहिलं. आमचे हेडमास्तर, इथपर्यंत आलो आणि टाक थांबला.

मी हे कुणाच्या हातात देणार होतो? कुणा अनोळखी परीक्षकाच्या. तो वाचणार की माझे हेडमास्तर दयाळू होते. माझ्या सहीने. बापाने न वाचता अंगठा दिला होता. मला तर वाचता येत होतं.

मी सगळं खोडलं. आडव्या रेघा मारल्या, कागद फाटेपर्यंत. मग मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत लिहिलं. छोटी वाक्यं. माझ्या शाळेत इंग्रजीचा तास होता. त्या तासाला अकरा मुलं वावरात जात होती. आम्ही गवत काढत होतो. गवत चेअरमनचं होतं. आमची पुस्तकं बाकावर राहिली. मला निंदणीला शब्द येत नव्हता, मी 'गवत कापणं' लिहिलं. भूतकाळ वर्तमानकाळ सगळे चुकले असतील. शेवटी लिहिलं, मला माझी शाळा आवडत नाही. घंटा झाली. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसलो. एवढे महिने पाठ केलेलं मी स्वतःच्या हाताने खोडून आलो होतो. पण पश्चात्ताप होत नव्हता.

निकाल जूनमध्ये शाळेत आला. हेडसरांनी मला कळवलं नाही. बाप चार दिवस ओसरीखाली उभा राहिला आणि चारही दिवस त्याला "उद्या ये" म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी तो औत सोडून आला आणि इंग्रजीच्या तासाला वर्गाच्या उंबऱ्यावर बसला. हेडसर म्हणाले, ऊठ. तो उठला नाही. कागद हातात पडल्यावर तो तसाच नंदुरबारला चालत निघाला, अर्ध्या वाटेत कुणाची तरी बैलगाडी मिळाली.

हंगाम संपला होता. मी मालकाच्या गोदामात पोती शिवत होतो. बाप दारात उभा राहिला आणि कागद पुढे केला.

"वाच."

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"कितला?"

"छत्तीस."

"कितलाले पास ऱ्हास?"

"पस्तीसले."

तो पोत्यावर बसला. मग म्हणाला, "आप्पाना पाया पडी ये. पेढा लई जाय. आते त्यास्ले राग नही ऱ्हावाव."

आमच्याकडे रीत आहे. कुणी पास झालं की मोठ्या घरी पेढे न्यायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहून वाकायचं, आणि त्यांनी म्हणायचं, चांगलं झालं.

"नही," मी म्हणालो. "मी जावाव नही. तूबी जाऊ नको."

बापाने उठून माझ्या हातातला सुतळीचा दाभण घेतला आणि उरलेलं पोतं शिवायला लागला.

त्या खोडलेल्या निबंधाला किती मार्क मिळाले ते मला कधीच कळणार नाही. सुरेशला इंग्रजीत पहिल्याच वेळी एकसष्ट होते. त्याचा मला हेवा नाही. माझ्या वर्गातले बाकीचे दहा जण आज आप्पांच्या आणि आप्पांच्या भाऊबंदांच्या वावरात आहेत. कॉलेजच्या दर सुट्टीत मी त्यांना भिलाटीत घेऊन बसतो, आठवीच्या पुस्तकापासून. दित्या पुढच्या ऑक्टोबरला इंग्रजीच्या पेपरला बसेल. त्याच्यानंतर दुसरा, मग तिसरा, आणि मग आता आठवीत असलेली पोरं. मग एका वर्षी निंदणीच्या दिवसांत आप्पा बांधावर येऊन उभे राहतील आणि वावरात उतरायला भिलाटीतला एकही हात त्यांना मिळणार नाही. तोपर्यंत मी कुणालाही माफ करणार नाही.